फ्लॅटमधली शॉर्टवेव्ह: घरातली अ‍ॅक्टिव्ह अँटेना कशी लावावी

जानेवारीतल्या एका रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या बिल्डिंगची वीज गेली. रेडिओ सेलवर चालू होता. शॉर्टवेव्हचा, म्हणजे लघुलहरींचा, ३१ मीटर बँड लावून तास झाला होता, पण घरघरीपलीकडे काही हाती लागत नव्हतं. दिवे गेले त्याच क्षणी ती घरघर थांबली. तिच्याखाली दबलेली चार स्टेशनं एकामागून एक वर आली. एकावर चिनी भाषेत बातम्या चालू होत्या, एकावर अरबी गाणं. अँटेना तीच, खिडकी तीच, रेडिओही तोच. पाऊण तासाने वीज आली आणि चारही स्टेशनं पुन्हा बुडाली.

तोवर मी सिग्नल वाढवायच्या मागे होतो. त्या रात्रीपासून गोंगाट कमी करायच्या मागे लागलो आणि खरं ऐकणं तिथून सुरू झालं. म्हणून हा लेख अ‍ॅक्टिव्ह अँटेनाबद्दल असला, तरी यात चार्जर, दिवे आणि पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बरंच काही येणार आहे. नव्याने या छंदात येणारे बहुतेक जण अँटेना विकत घेतात, रेडिओला जोडतात, घरघर आधीपेक्षा मोठी झालेली ऐकतात आणि ‘आता लघुलहरींवर काही उरलंच नाही’ म्हणून रेडिओ कपाटात ठेवून देतात. तसं होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे नेमकं काय

लघुलहरी म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे १०० मीटरपासून १० मीटरपर्यंतच्या लहरी. ३१ मीटर बँडसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार ताणायची तर पंधरा मीटर जागा हवी. वाड्यात किंवा गावच्या घरात हे जमतं. सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, तिथे जमत नाही.

अ‍ॅक्टिव्ह अँटेनात मुळात एक छोटा वाहक असतो, एखादी काडी किंवा तारेचं कडं, आणि त्याला लागूनच एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. छोट्या काडीवर लहरींचा परिणाम अगदी क्षीण होतो. शिवाय तिचा विद्युत स्वभाव केबलशी जुळत नाही, त्यामुळे असलेला सिग्नलही वाटेतच वाया जातो. अ‍ॅम्प्लिफायर या दोघांची गाठ घालून देतो. त्याला वीज लागते, मग ती सेलमधून येवो किंवा यूएसबीमधून. म्हणून नाव ‘अ‍ॅक्टिव्ह’.

आता जी गोष्ट सुरुवातीला कळायला हवी ती सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरला स्टेशन आणि खरखर यांतला फरक कळत नाही. सिग्नल दसपट केला तर गोंगाटही दसपट होतो. तुम्हाला बोलणं समजतं की नाही हे सिग्नल किती मोठा आहे यावर ठरत नाही, तो गोंगाटाच्या किती वर आहे यावर ठरतं. लघुलहरींवर, विशेषतः खालच्या बँडांवर, बाहेरून येणारा गोंगाटच इतका असतो की रेडिओची स्वतःची खरखर त्याच्यापुढे काहीच नसते. म्हणून छोटी अँटेनासुद्धा शांत जागी ठेवली तर उत्तम ऐकते, आणि मोठी अँटेना चुकीच्या जागी फक्त घरघर गोळा करते.

काडी की कडं

बाजारात दोन जाती दिसतात. एक काडीची: टेबलावर ठेवायची पेटी, तिला टेलिस्कोपिक काडी, समोर दोन-तीन खुंट्या. अमेरिकेतल्या एमएफजे कंपनीची १०२०सी ही या प्रकारातली जुनी, माहितीतली पेटी. दुसरी जात लूपची: तारेचं किंवा धातूच्या पट्टीचं गोल कडं आणि त्याच्या बुडाशी अ‍ॅम्प्लिफायर. डेगेनची डीई३१एमएस, टेकसनची एएन-४८एक्स, हल्ली सगळीकडे मिळणारी एमएलए-३० या सगळ्या लूप. सोनीची एएन-एलपी१ आता बनत नाही, पण जुन्या बाजारात कुणी देत असेल तर विचार करण्यासारखी आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने लूप घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातल्या वायरिंगचा आणि उपकरणांचा जवळचा त्रास मोठ्या प्रमाणात विद्युत क्षेत्राच्या रूपात असतो, आणि काडी नेमकं तेच क्षेत्र पकडते. लूप मुख्यतः चुंबकीय क्षेत्र पकडते, त्यामुळे हा त्रास तिच्यात तुलनेने कमी शिरतो. शिवाय लूप फिरवता येते, आणि हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मिनी-व्हिप नावाची एक हाताच्या तळव्याएवढी अ‍ॅक्टिव्ह अँटेना आहे. पीए०आरडीटी या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या डच हौशी रेडिओवाल्याच्या रचनेवरून ती जगभर पसरली. उंच खांबावर, घरापासून दूर आणि नीट अर्थिंग दिलेली असेल तर ती अप्रतिम चालते. खोलीत मात्र ती घेऊ नका. ती विद्युत क्षेत्रावरच चालते, आणि खोलीत ते सगळं विजेच्या वायरिंगचं असतं.

पहिली पायरी: पैसे खर्च करायच्या आधी

पाच-सहा मीटर साधी प्लास्टिक आवरणाची वायर घ्या. एक टोक सोलून क्रोकोडाइल क्लिपने रेडिओच्या काडीला लावा. बाकीची वायर खिडकीच्या पडद्याच्या रॉडवरून आडवी सोडा. संध्याकाळी सातनंतर ४९ आणि ३१ मीटरवर फिरा. नुसती काडी असताना आणि वायर लावल्यावर काय फरक पडतो ते ऐका.

स्टेशनं वाढली आणि खरखर फारशी वाढली नाही, तर तुमचं घर शांत आहे. कदाचित एवढ्या वायरवरच तुमचं काम भागेल. खरखरच वाढली, स्टेशनं होती तेवढीच राहिली, तर पुढची पायरी सोडू नका. अँटेना कोणतीही आणलीत तरी तिला याच घरात राहायचं आहे.

दुसरी पायरी: गोंगाटाचा माग

या पायरीला एक पूर्ण रविवार द्या. सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि खर्च शून्य आहे.

रेडिओ सेलवर चालवा, अडॅप्टरवर नाही. काडी पूर्ण उघडा. ७ ते १० मेगाहर्ट्झच्या दरम्यान एक अशी जागा शोधा जिथे स्टेशन नाही, नुसता गोंगाट आहे. आता घरच्यांना सांगून, कॉम्प्युटर नीट बंद करून, मेन स्विच खाली घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. नाहीतर मेन गेल्याबरोबर इन्व्हर्टर कामाला लागतो आणि अनेक इन्व्हर्टर स्वतःच मोठी घरघर करतात. सगळं बंद झाल्यावर खरखर किती उतरली ते ऐका. जी उतरली ती तुमच्या हातातली. जी उरली ती शेजाऱ्यांची, लिफ्टची, रस्त्यावरच्या दिव्यांची आणि आकाशाची.

मग एकेक एमसीबी वर करत जा आणि प्रत्येक खोलीतलं एकेक उपकरण चालू करा. हळूहळू कान तयार होतो. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची घरघर भरड असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिची गुणगुण १०० हर्ट्झची येते. पंखा मधल्या वेगावर असताना ती सगळ्यात जास्त, पूर्ण वेगावर बऱ्याचदा गायब. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर, सेट टॉप बॉक्स आणि स्वस्त एलईडी बल्ब यांचा त्रास वेगळा ओळखू येतो. डायल फिरवत गेलात की ठरावीक अंतरावर, समजा दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला, तोच गुरगुराट पुन्हा भेटतो. आतल्या स्विचिंग सर्किटची ती प्रतिध्वनीसारखी पुनरावृत्ती असते. बीएलडीसी पंखे, इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन, मच्छर मारायच्या रॅकेटचं चार्जिंग, एकेक करून सगळं तपासा. आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला स्वयंपाकघरातला एक नऊ वॅटचा बल्ब. तो बदलला आणि ४१ मीटर बँड परत मिळाला.

चार्जर मोबाइलला जोडलेला नसला तरी सॉकेटमध्ये असेल तर गोंगाट करू शकतो. त्यामुळे ‘चालू नाही’ यावर विश्वास न ठेवता तो उपसून बघा. जे बदलता येत नाही, उदाहरणार्थ वायफाय राउटरचा अडॅप्टर, त्याच्या वायरीवर फेराइटचं, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या काळ्या चुंबकीय पदार्थाचं, कडं चढवा आणि वायरीचे चार-पाच वेढे त्यातून घ्या. पूर्ण इलाज नाही, पण उतारा पडतो. दिवाळीत गॅलरी-गॅलरीत एलईडीच्या माळा लागतात तेव्हा आठवडाभर खालचे बँड हातचे जातात. त्याला इलाज नाही. मी त्या दिवसांत पहाटे ऐकतो, माळा बंद असतात तेव्हा.

विजेच्या या उपद्रवाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून तिथली यंत्रं समुद्रापलीकडे अलिबागला नेली गेली. अलिबागचं चुंबकीय वेधगृह १९०४ पासून चालू आहे. शास्त्रज्ञांना गाव बदलता आलं. आपल्याला निदान खोली बदलता येते.

तिसरी पायरी: जागा

आरसीसी इमारतीत भिंती, तुळया आणि स्लॅबमधल्या सळ्या लहरींना अडवतात. आतल्या खोलीत अँटेना कितीही चांगली असली तरी तिथपर्यंत पोचतंच थोडं. तेव्हा अँटेना खिडकीत किंवा बाल्कनीच्या दाराशी. खिडकीला लोखंडी ग्रिल असेल तर लूप त्याला टेकवू नका, वीतभर तरी आत ठेवा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीजवळही तेच. बंद बाल्कनी आणि तिला मोठ्या काचा असतील तर ती सर्वोत्तम जागा. काचेतून लघुलहरी आरामात येतात. काचेला धातूचा मुलामा किंवा तशी फिल्म असेल तर मात्र अडथळा होतो.

आता अंतराचा हिशेब. कोणत्याही छोट्या स्रोताचं जवळचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने पडतं; अंतर दुप्पट केलं की जवळपास एक अष्टमांश उरतं. हा नियम साधारण तरंगलांबी भागिले सहा एवढ्या अंतरापर्यंत लागू असतो. १० मेगाहर्ट्झवर ती हद्द पावणेपाच मीटर येते, म्हणजे तुमच्या खोलीतलं प्रत्येक उपकरण तिच्या आत आहे. याचा सरळ अर्थ: टीव्हीपासून एक मीटरवर ठेवलेली लूप दोन मीटरवर नेलीत, तर केवळ तेवढ्याने मोठा फरक पडतो. दूरवरच्या स्टेशनाला या एका मीटरने काहीच फरक पडत नाही. हलवाहलव करण्यात फायदा आहे तो याचसाठी.

केबल लांब असली तरी चालते. अँटेना शांत कोपऱ्यात आणि तुम्ही रेडिओ घेऊन आरामखुर्चीत, असं करायलाच ती केबल असते. नवखे बऱ्याचदा अँटेना रेडिओच्या शेजारी, त्याच टेबलावर ठेवतात. मग रेडिओच्या डिस्प्लेचा गोंगाट अँटेनात शिरतो, आणि कधी कधी अ‍ॅम्प्लिफायर शिट्टी मारायला लागतो. दोघांत किमान दीड-दोन मीटर ठेवा.

चौथी पायरी: जोडणी आणि वीज

बाहेरच्या अँटेनासाठी रेडिओला साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे का ते आधी बघा. टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ यांसारख्या रेडिओंना तो असतो. नसेल तर लूपबरोबर येणारी क्लिप काडीला लावावी लागते. अशा वेळी काडी मिटलेलीच ठेवा. उघडी ठेवलीत तर काडीही गोंगाट पकडत राहते आणि लूपचा सगळा फायदा जातो. जॅक वापरतानाही काडी आत सारा.

अँटेनाला वीज कुठून देता हा प्रश्न जितका साधा वाटतो तितका नाही. यूएसबीवर चालणारी लूप भिंतीतल्या मोबाइल चार्जरला लावलीत, तर ज्या गोंगाटापासून पळत होतो त्यालाच केबलने घरात बोलावलं असं होतं. पॉवर बँक बरी, पण प्रत्येक पॉवर बँक शांत नसते. तिच्यातही व्होल्टेज वाढवणारं स्विचिंग सर्किट असतं. दोन-तीन वेगवेगळ्या लावून बघा. सेलवर चालणारी अँटेना मिळत असेल तर तीच घ्या. सेल निखळ शांत असतात. पेन्सिल सेल असोत वा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, ऐकून झालं की स्विच बंद करायची सवय लावा. विसरलात तर सकाळी सेल संपलेले असतात.

केबलचं बाहेरचं आवरणही गोंगाट वाहून आणू शकतं. रेडिओच्या टोकाशी केबलवर एक फेराइट चढवा आणि केबलचे काही वेढे त्यातून काढा.

पाचवी पायरी: गेनची खुंटी

गेन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती वाढवतो ते. तो पूर्ण खाली घेऊन सुरुवात करा. रेडिओवर ‘लोकल–डीएक्स’ असा स्विच असेल तर तो डीएक्सवर, म्हणजे दूरच्या स्टेशनांसाठी. आता एक रिकामी जागा शोधा आणि अँटेनाची पिन काढून ऐका: रेडिओची स्वतःची मंद सळसळ येईल. पिन लावा. आवाज वाढला पाहिजे. तो स्पष्ट वाढला म्हणजे बाहेरचा गोंगाट रेडिओच्या सळसळीच्या वर आला, आणि त्यापुढे गेन वाढवून मिळण्यासारखं काहीच उरलं नाही. नाही वाढला तर खुंटी थोडी वर न्या आणि पुन्हा तपासा. एवढी एक चाचणी प्रत्येक बँडवर करा. १९ आणि १६ मीटरवर खुंटी थोडी जास्त लागेल, ४९ मीटरवर कमी.

जास्त गेनचे परिणाम ओळखायला शिका. पोर्टेबल रेडिओ अतिसिग्नलने भांबावतात. एकच स्टेशन भलत्या दोन-चार ठिकाणी दिसायला लागतं, दोन कार्यक्रम एकमेकांत मिसळतात, लघुलहरींच्या मधोमध गावातलं मीडियम वेव्ह केंद्र बोलायला लागतं. पुण्यात ७९२ किलोहर्ट्झचं आकाशवाणी केंद्र किंवा मुंबईत ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झची केंद्रं असं करू शकतात. साध्या, एकदाच कंप्रता (फ्रिक्वेन्सी) बदलणाऱ्या जुन्या घडणीच्या रेडिओत आणखी एक खूण: जोरदार स्टेशनाच्या बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली त्याचं भूत दिसतं. ते खरं स्टेशन नव्हे. गेन कमी केला की भूत जातं आणि खरं स्टेशन राहतं.

काही अँटेनांना ट्यूनिंगची वेगळी खुंटी असते. ती हळू फिरवली की एका जागी खरखर आणि सिग्नल दोन्ही एकदम उसळतात. तिथे थांबा. रेडिओवर शे-दोनशे किलोहर्ट्झ सरकलात की ती पुन्हा जुळवावी लागते. हे कंटाळवाणं वाटतं, पण नको त्या स्टेशनांना दारातच अडवण्याचं काम हीच खुंटी करते. शहरात राहणाऱ्याला ती हवीच.

सहावी पायरी: फिरवणं

लूप उभी ठेवायची, परात कडेवर उभी धरावी तशी. परातीच्या कडेच्या रेषेत ती ऐकते, आणि परातीच्या सपाट बाजूंना, म्हणजे तळाच्या समोर व मागे, ती बहिरी असते. बहिरा भाग अरुंद असतो; कमाल ऐकण्याचा भाग रुंद असतो.

पुस्तकं सांगतात की लूप स्टेशनाच्या दिशेने धरावी. घरात तसं करू नका. दूरचं स्टेशन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन वरून, तिरकं येतं. त्याच्यासाठी लूपची बहिरी बाजू तितकी धारदार नसते. जवळचा गोंगाट मात्र आडवा येतो आणि बहिऱ्या बाजूत बरोबर सापडतो. म्हणून कमकुवत स्टेशन लावा, डोळे मिटा, लूप अगदी सावकाश फिरवा आणि घरघर सर्वात कमी कुठे होते ते शोधा. स्टेशन थोडं मंद झालं तरी चालेल. बोलणं समजायला लागलं पाहिजे. एका अंशाचाही फरक पडतो, म्हणून मी लूपखाली लाकडी पाट ठेवून त्यावर खडूने खुणा केल्या आहेत: ‘संध्याकाळ, लिफ्ट’ आणि ‘रात्र, समोरची विंग’.

यात मीटरवर विसंबू नका. रेडिओची स्वयंचलित आवाज-व्यवस्था कमकुवत सिग्नलला आपोआप वर खेचते आणि सिग्नलचा पट्टा गोंगाटालाही भुलतो. कानच खरे. इअरफोन लावून ऐकलंत तर निम्मी मेहनत वाचते.

काय ऐकायचं, कधी ऐकायचं

दिवसा वरचे बँड, रात्री खालचे. सुरुवातीला एवढं पुरे. उन्हात आयनांबराचा खालचा थर कमी कंप्रतेच्या लहरी शोषून घेतो, म्हणून दुपारी ४९ मीटर ओस पडतो आणि १९ (१५१०० ते १५८०० किलोहर्ट्झ), १६ (१७४८० ते १७९००) हे बँड जागे असतात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि ३१ (९४०० ते ९९००), ४१ (७२०० ते ७४५०), ४९ (५९०० ते ६२००) भरून जातात. सूर्यावरच्या डागांचं चक्र २०२४ च्या आसपास शिखरावर होतं, त्यामुळे वरचे बँडही सध्या संध्याकाळी उशिरापर्यंत टिकतात.

सुरुवातीला स्टेशन न शोधता १०००० किलोहर्ट्झ लावा. चीनचं बीपीएम हे प्रमाणवेळ केंद्र तिथे सेकंदासेकंदाला टकटक करतं. रोज त्याच वेळी, त्याच कंप्रतेवर, त्याच ताकदीने चालणारं केंद्र अँटेना तपासायला दुसरं नाही. लूप हलवलीत, खोली बदललीत, बल्ब काढलात, की टकटक किती स्वच्छ झाली ते इथे येऊन ऐका. स्टेशनं बदलतात, त्यांच्यावरून तुलना फसते.

मग प्रसारण केंद्रं. आकाशवाणीखेरीज चीन, जपान, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, रोमानिया, तुर्कस्तान, व्हॅटिकन यांची प्रसारणं लघुलहरींवर आहेत. चायना रेडिओ इंटरनॅशनल तर संध्याकाळी न शोधताच सापडतं. ज्यांच्या घरात एके काळी बीबीसीची हिंदी सेवा लागायची त्यांना ती आता तिथे भेटणार नाही. ३१ जानेवारी २०२० ला तिचं लघुलहरींवरचं प्रसारण थांबलं. माझ्या वडिलांची ती रोजची वेळ होती, आणि अजूनही त्या सुमाराला माझा हात डायलकडे जातो. वेळापत्रकं जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा: १५०० म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं. एखादं स्टेशन अचानक गायब झालं तर आधी कॅलेंडर बघा, अँटेना नंतर.

रेडिओवर एसएसबी (हौशी रेडिओवाले बोलायला वापरतात ती प्रसारणपद्धत) ऐकायची सोय असेल तर ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये सकाळी हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐका. आपल्याकडचे अनेक जण तिथे असतात, आणि कधीमधी मराठीही कानावर पडते.

पावसाळा

एप्रिलच्या अखेरीपासून वळवाच्या पावसाबरोबर विजांची कडकड सुरू होते. शेकडो किलोमीटर दूरची वीजसुद्धा खालच्या बँडांवर टर्रकन ऐकू येते. तो अँटेनाचा दोष नाही, आणि लूप फिरवूनही जात नाही, कारण विजा एका दिशेला नसतात. तेव्हा वरचे बँड ऐका. जवळपास गडगडायला लागलं तर लूप बाल्कनीतून आत घ्या आणि केबल रेडिओपासून सोडवा. घरातली अँटेना गच्चीवरच्या तारेपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, पण तिच्या तोंडाशी नाजूक ट्रान्झिस्टर बसलेला असतो. कोकणात आणि गोव्यात असाल तर जॅक आणि क्लिपवर हिरवट गंज चढतो. महिन्यातून एकदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. आवाज अधूनमधून तुटत असेल तर दहापैकी आठ वेळा दोष तिथेच असतो.

वही

एक साधी दोनशे पानी वही करा. तारीख, भारतीय वेळ, कंप्रता, भाषा, किती स्पष्ट ऐकू आलं, लूप कुठे आणि कोणत्या खुणेवर होती. आणि एक रकाना घरासाठी: पंखा चालू होता का, कोणता दिवा लागला होता, लिफ्ट चालू होती का. महिनाभराने हा शेवटचा रकाना वाचाल तेव्हा कोणत्या वेळी घर शांत असतं ते आपोआप दिसेल. आमच्याकडे ती वेळ पहाटे पाच ते पावणेसहा आहे; नळाला पाणी येऊन सगळ्यांचे पंप सुरू होईपर्यंत.

नीट ऐकलेल्या पंधरा-वीस मिनिटांवरून केंद्राला अहवाल पाठवता येतो. त्यात जागतिक वेळ, कंप्रता, कार्यक्रमातले दोन-तीन तपशील आणि तुमच्याकडचा रेडिओ व अँटेना लिहा. ‘खोलीतली लूप, तिसरा मजला’ असं जरूर लिहा. प्रसारण करणाऱ्यांना त्याची किंमत असते. काही केंद्रं अजूनही पोच म्हणून क्यूएसएल कार्ड टपालाने पाठवतात.